सासुरवाडीचा काढा

माझं यकृत काढ्याने बिघडलं, दारूने नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण कावीळ म्हटलं की आपल्याकडे लोक आधी हळूच तोंडाचा वास घेतात आणि मग तब्येत विचारतात. मी विरारला मनवेलपाड्यात राहतो, मुंबईत एका विमा कंपनीत कारकुनी करतो, पन्नाशी ओलांडली आहे. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. चहा तेवढा भरपूर पीत आलो. तो व्यसनात धरायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता मी बरा आहे. आजारी माणूस दिसला की आपल्याकडे त्याला चारी बाजूंनी काढे येतात, आणि ते पाठवणारी माणसं बहुतेक वेळा त्याच्यावर जीव टाकणारी असतात. अशा वेळी काय करावं हे कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा खटाटोप. यकृताबद्दल मला डॉक्टरांनी जेवढं सांगितलं तेवढंच कळतं. त्याहून जास्त इथे शोधू नये.

आधी डेंग्यू

सुरुवात डेंग्यूने झाली. तो विरारमध्ये कुणाला होत नाही? ताप उतरला, रक्तातल्या पेशी वर आल्या, डॉक्टरांनी घरी सोडलं. पण अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढून आलो की दारातल्या चपलांच्या स्टँडवरच बसायचो.

माझी बायको शुभांगी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. तिला रजा मिळेना. तिचं माहेर भुईगाव, समुद्राकाठी, आमच्यापासून तासाभरावर. तिथे तिची आई एकटीच राहते, मुलगा पुण्याला असतो. आम्ही सगळे तिला माई म्हणतो. माईचा फोन आला, "त्यांना हिकडे आना. तिकडे बिल्डिंगीत कोन बघनार?" शुभांगीने माझी बॅग भरली आणि रिक्षाने मला सासुरवाडीला पोचवून संध्याकाळच्या आत परत गेली.

माईचं घर कौलारू, मागे केळी आणि मोगऱ्याची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे पूर्वी झाडांना पाणी घालायला खोदलेलं तळं. तळ्याच्या काठावर एक जुना कडुनिंब आणि त्याला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत विळखा घालून बसलेली गुळवेल. कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणाची, असं म्हणतात. मीही तेव्हा म्हणत होतो.

एका घरचा जावई

भुईगावात एका घरचा जावई हा सगळ्या आळीचा जावई असतो. तो आला की प्रत्येक घर त्याचं काहीतरी करतं. कुणी बोंबील पाठवतं, कुणी नारळाच्या वड्या, आणि समोरच्या आग्नेस मावशींकडून नाताळ नसला तरी केक येतो. जावयाने नाही म्हणायचं नसतं. माझ्या लग्नाच्या वर्षी मी एका घरात दुसरा वडा नको म्हणालो होतो. पोट भरलं होतं, एवढंच कारण. त्या घरातली बाई अजूनही मला बघितलं की म्हणते, "या, आमचे वडे न आवडनारे जावई आले."

तर मी आजारी होऊन आलो म्हटल्यावर बोंबलांच्या जागी काढे आले.

सकाळी उठल्याबरोबर माईचा. गुळवेल, तुळस, सुंठ, मिरी. मग आग्नेस मावशींचा, गवती चहा आणि पुदिन्याचा. हा चवीला बरा असायचा. "पी रे बाबा गरम गरम. तुज्यासाठी नऊ दिवसांची नोवेना पन धरलीय," म्हणत त्या समोर उभ्या राहायच्या, पेला रिकामा होईपर्यंत. दुपारी कोपऱ्यावरच्या नानांचा अडुळशाचा. नाना निवृत्त मास्तर. काढ्याबरोबर व्याख्यान फुकट. चहाने रक्त आटतं, चहा ही साहेबाने आपल्याला लावलेली सवय, हिरव्या पानांत मात्र सगळं असतं. त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी त्याबद्दल काहीतरी यायचं आणि दुपारपर्यंत ते माझ्यापर्यंत पोचायचं. माझा चहा त्यांनीच बंद करवला. संध्याकाळी आणखी एका घरून पपईच्या पानांचा रस, आणि जेवल्यावर परत माईचा.

प्रत्येक घराची कृती वेगळी होती. पण गुळवेल सगळ्यांच्या काढ्यात होती, आणि ती माईच्या झाडावरचीच. सकाळी बायका येऊन बोटभर लांबीचे तुकडे मागून नेत. माई जावयासाठी म्हणून जरा जास्तच कापून द्यायची. कोणत्या घरात किती उकळली जाते, हे कुणालाच माहीत नव्हतं. जो तो समजत होता की जावयाला काढा आपलाच जातोय.

माई माझ्याबरोबर स्वतःही घ्यायची. पहिल्याच दिवशी मी तोंड वाकडं केलेलं तिने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दोन पेले भरून आणायला लागली. "मी पन घेते तुमच्यासंगत. एकट्याला कडू लागतं," म्हणाली. मग आम्ही दोघं ओटीवर समोरासमोर बसून ते कडू पाणी घोट घोट प्यायचो. माझ्या सासूशी माझं एवढं बसणं-बोलणं तोवरच्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं. ते दिवस मला फार आवडले. हे खरं आहे आणि पुढे जे झालं त्यानंतरही खरंच आहे.

पिवळे डोळे

ताकद येण्याऐवजी भूक गेली. मग अंगाला खाज सुटली. माई म्हणाली, रक्त शुद्ध होतंय. नानाही तेच म्हणाले. लघवी गडद झाली ती मी कुणाला सांगितली नाही. सासुरवाडीत असल्या गोष्टी सांगायच्या कुणाला?

एका सकाळी आग्नेस मावशी पेला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "जरा उन्हात ये बघू." मी अंगणात गेलो. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला.

"डोळे बघ तुजे. हळद झालीय."

माई दारात उभी होती. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं देवापुढे बसली असेल. नंतर कळलं की ती मागच्या दाराने वाडीत गेली होती, माझ्यासाठी भुईआवळा उपटायला. काविळीवर तो देतात. दुपारी तिने आणखी एक काढा केला, त्यात गुळवेलीच्या जोडीला तोही आला.

शुभांगी संध्याकाळी आली आणि मला वसईच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. त्यांनी मला ठेवूनच घेतलं.

दारू, औषधं, आणखी काही

यकृताच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या.

"दारू?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"जन्मापासून."

त्यांनी शुभांगीकडे पाहिलं. तिनेही मान हलवली. त्यांचा निम्माच विश्वास बसला असावा.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"कोणतीच नाहीत," मी म्हणालो. डेंग्यूच्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. मी खोटं बोललो नाही. शुभांगीही शेजारी होती, तिलाही काही आठवलं नाही. आमच्या डोक्यात औषध म्हणजे जे मेडिकलमधून येतं ते. काढा म्हणजे घरचं.

काविळीच्या ज्या काही तपासण्या असतात त्या सगळ्या झाल्या आणि एकीतही काही सापडलं नाही. आकडे मात्र चढत होते. आजाराला नाव मिळेना. नाव नसलेला आजार हा वाईट प्रकार आहे. भेटायला आलेल्यांना काय सांगायचं हेही कळत नाही, आणि मग ते आपापली नावं सुचवतात.

डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की रक्त गोठण्याची तपासणी बिघडत चालली आहे. आणखी बिघडली तर मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तिथे यकृत बदलण्याचा विचार करतील. कधीकधी घरातलंच कुणी आपल्या यकृताचा भाग देऊ...

"मी देईन," शुभांगी म्हणाली. बाईंचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. मला भीती वाटली, आणि ती मरणाची कमी होती. माझ्यामुळे शुभांगीला कापतील, ही भीती जास्त होती. तसं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. तिने कमरेला खोचलेला रुमाल काढून माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "पंखा लावायला सांगते."

वॉर्ड

वॉर्डात दिवसाला ठरलेला क्रम होता. पहाटे रक्त काढायला यायचे. मग स्पंजिंग, मग नाश्ता, तो बघूनच मला मळमळायचं. दुपारी चहाची ट्रॉली यायची. मी आयुष्यभर ज्याच्या वासावर जगलो त्या चहाच्या वासाने मी तोंड फिरवून झोपायचो. आजार किती खोल गेलाय हे मला रिपोर्टपेक्षा त्यावरून जास्त कळलं.

शेजारच्या कॉटवर अर्नाळ्याचे एक मच्छीमार होते, धर्माभाऊ. त्यांचं यकृत रीतसर दारूने गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमी देशी का इंग्लिश?"

"मी घेत नाही."

"हां, आता कोनच घेत नाय," ते म्हणाले आणि समजूतदारपणे कुशीवर वळले. त्यांची बायको माझ्यासाठीही नारळपाणी आणायची आणि नर्स ते परत करायची. त्या दोघांना मी खोटारडा वाटत होतो, तरी त्यांचं वागणं चांगलं होतं. माणूस माणसाशी इतकं चांगलं वागू शकतो, हे मला तिथे कळलं.

थर्मास

मी हॉस्पिटलात आलो म्हणून काढा थांबला नव्हता. माईला गुडघ्यांमुळे बसने येणं जमत नाही. ती रोज सकाळी काढा करायची, स्टीलच्या थर्मासात भरायची, आणि आग्नेस मावशी तो घेऊन बसने वसईला यायच्या. हॉस्पिटलच्या जेवणाशिवाय काही द्यायचं नाही असा नियम होता. तो जेवणाबद्दल आहे, असं आम्ही धरलं. शुभांगी नर्सची पाठ वळली की मला पेला भरून द्यायची.

त्या सकाळी राऊंड लवकर आला. थर्मासाचं झाकण उघडं होतं. डॉक्टर बाई पडद्याच्या आत आल्या आणि थांबल्या.

"हा कसला वास?"

"काढा आहे," शुभांगी म्हणाली. "घरचा."

"कुणासाठी?"

"ह्यांच्यासाठी."

"मी औषधं विचारली होती तुम्हाला."

"हे औषध नाहीये डॉक्टर, काढा आहे." शुभांगीने हे अगदी मनापासून सांगितलं.

डॉक्टर बाई स्टूल ओढून बसल्या. हॉस्पिटलात डॉक्टर बसला की समजावं, काहीतरी झालं. त्यांनी मला सांगितलं, डेंग्यूनंतर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात घातलं ते सांगा. पाणीसुद्धा सोडू नका. मी सांगत गेलो. माईचा, आग्नेस मावशींचा, नानांचा. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे फार होतंय. आग्नेस मावशी कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "मज्यात पन गुळवेल असते," त्या हळूच म्हणाल्या. "नानांच्यात पन."

बाईंनी जे सांगितलं ते साधं होतं. गुळवेल सगळ्यांना बाधत नाही. पण काही माणसांचं शरीर तिच्यामुळे स्वतःच्याच यकृतावर उलटतं. तुम्ही त्यातले असणार. बाकी सगळं तपासून झालंय, आता यकृताचा तुकडा काढून बघू आणि खात्री करू. "झाडाचं आहे की कारखान्यातलं, हे यकृताला कळत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला दोन्ही सारखंच गाळायला लागतं." मग थर्मासाकडे बोट करून म्हणाल्या, "हे आत्ता बंद."

शुभांगीने थर्मास उचलला आणि बेसिनमध्ये रिकामा केला. वाफ तिच्या तोंडावर आली.

धर्माभाऊंनी सगळं ऐकलं होतं. बाई गेल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तुमी खरंच घेत नव्हता." त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

माईला सांगायचं नाही

तपासणीत तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. रोग कळला म्हणून मला हायसं वाटलं. शुभांगी मात्र त्या दिवसापासून कोमेजली.

"आईला सांगायचं नाही," तिने मला आणि आग्नेस मावशींना दोघांनाही बजावलं.

कारण मला अर्धवट माहीत होतं. माझे सासरे मी पाहिलेले नाहीत. शुभांगी दहावीत असताना ते काविळीने गेले. तेव्हा माईने त्यांना दिवसरात्र काढे दिले होते, याच वेलीचे. वसईच्या डॉक्टरने काय केलं, काय नाही, हे आता कुणाला आठवत नाही. माई एकच गोष्ट सांगत आली आहे, की माझ्या हातून काही करायचं राहिलं नाही. तेवढ्यावर तिने पुढचे सगळे दिवस काढले. आता तिला कळलं की हीच गुळवेल जावयाच्या यकृतावर उठली, तर ती दुसऱ्या कुणाचा विचार करणार होती?

म्हणून थर्मास येतच राहिला. आग्नेस मावशी रोज बसने घेऊन यायच्या, शुभांगी ओतून धुवून परत द्यायची. आमची भांडणंही त्याच दिवसांत झाली, कुजबुजत, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

"तू एकदाही नको म्हणाला नाहीस?"

"तूच फोनवर म्हणायचीस, आईचं मन मोडू नको."

"मन मोडू नको म्हणाले, यकृत मोड म्हणाले नव्हते."

तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. याचा काही उपयोग नव्हता.

काढा बंद झाल्यावर आकडे उतरायला लागले. आधी हळू, मग बऱ्यापैकी. मुंबईला हलवायचं नाव निघेनासं झालं. एक दिवस ट्रॉली आली आणि मला चहाचा वास बरा वाटला. चहा मिळाला नाही, पण मी त्या दिवशी शुभांगीला तोंडभर हसून दाखवलं.

आमचं हे लपवणं कुठे जाऊन पोचतंय हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. मी बरा होतोय ही बातमी आग्नेस मावशींबरोबर रोज भुईगावला जात होती. आणि आळीला काय दिसत होतं? जावयाला काय झालंय ते हॉस्पिटलात कळेना, मग माईचा थर्मास सुरू झाला, आणि जावई बरा झाला. एका संध्याकाळी आग्नेस मावशींचा शुभांगीला फोन आला. त्यांचा आवाज दबका होता. "पोरी, तुज्या आईकडे लोक याला लागलेत. काविळीसाठी. बाजूच्या वाघोलीवरनं पन आला एक जन. आन् ती सोता पन घेते अजून रोज. तुज्या नवऱ्याच्या नावाने घेते, बोलते."

ओटीवर

मला घरी सोडलं तेव्हा डॉक्टर बाईंनी बजावलं, सासूबाई तेच पीत होत्या ना, त्यांचंही रक्त तपासून घ्या. शुभांगीने माईला सांगितलं की या वयात वर्षातून एकदा करतातच. माईने हात पुढे केला. रिपोर्ट उत्तम आला. माझ्यापेक्षा तिचं यकृत तरुण होतं.

आम्ही तो रिपोर्ट घेऊन भुईगावला गेलो. शुभांगी रिक्षातून उतरेपर्यंत म्हणत होती की मी सांगते. ओटीवर पोचलो आणि ती पाणी आणायला म्हणून आत गेली, ती तिथेच राहिली.

माई खाली बसून कोयत्याने गुळवेलीचे तुकडे करत होती. अंगणात एक माणूस बसला होता, वाघोलीचाच, त्याच्या भावाला कावीळ झाली होती. मला बघून तो उठून उभा राहिला आणि कौतुकाने म्हणाला, "हेच ना ते?"

"माई," मी म्हणालो, "हे त्यांना देऊ नका."

तिने वर पाहिलं.

"माझी कावीळ गुळवेलीने झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं. सगळ्यांना होत नाही. मला झाली."

"पन बरं तर तिनेच झालं."

"थर्मास यायचा तो आम्ही ओतून द्यायचो. बंद केल्यावर बरा झालो."

हातात होता तो तुकडा तिने कापून पुरा केला. कोयता बाजूला ठेवला.

"रोज ओतला?"

"रोज."

"आग्नेस उन्हातनं घेऊन जायची," ती म्हणाली. मग त्या माणसाला म्हणाली, "भावाला डॉक्टरकडे न्या. आजच न्या. काढा नाय आता." तो गोंधळून माझ्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिला, मग गेला.

ती पदराने हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"माजा रिपोर्ट कसा आला?"

"चांगला."

"मी पन तेच पियाली. तुमच्यासंगतच पियाली. मला नाय झालं," ती म्हणाली. जणू त्यातही तिचाच गुन्हा होता.

मग तिने ते विचारलं, ज्याच्यासाठी आम्ही सगळे इतके दिवस लपवत होतो. विचारलं असंही नाही.

"ह्यांना पन हीच दिली मी. शेवटी शेवटी पानी पन ठरत नव्हतं पोटात. तरी चमच्याने दिली."

"त्यांची कावीळ वेगळी होती, माई," मी म्हणालो. "तेव्हा गावात साथ होती. दूषित पाण्याची."

"डॉक्टरीनबाई बोलल्या?"

"हो. मी मुद्दाम विचारलं त्यांना."

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी त्या काय सांगणार होत्या? इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या यकृताचं आता कुणीच काही सांगू शकत नाही. मी हे तिच्या डोळ्यांत बघून बोललो आणि परत वेळ आली तर परत बोलेन.

ती माझ्याकडे बघत होती. "शुभांगी बोलते, तुमाला खोटं बोलायला जमत नाय," ती म्हणाली.

"नाही जमत."

"हां," माई म्हणाली. एवढंच. तिने विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, हे मला आजही माहीत नाही.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. शुभांगीचा रडण्याचा आवाज आला आणि मग माईचा, "गप आता, दूध उतू जाईल." डॉक्टरांनी मला दिवसातून एक कप साधा चहा घ्यायची परवानगी दिली होती, ते शुभांगीने तिला सांगितलं असावं. थोड्या वेळाने माई बशी झाकलेला कप घेऊन आली. आलं नाही, गवती चहा नाही, नुसता दूध-साखरेचा.

त्या घरात जावयाच्या आधी कुणी घोट घेत नाही. उष्टं तर पोटच्या पोरांनासुद्धा तिने कधी दिलं नव्हतं. माईने माझ्यासमोर बसून माझ्या कपातला थोडा चहा बशीत ओतला आणि स्वतः प्यायली. मग कप हाताशी धरून, माझ्याकडे न बघता, ती थांबली. आपल्याला काही होतं का ते बघत होती.

बऱ्याच वेळाने तिने कप माझ्याकडे सरकवला. त्याच्यावर साय धरली होती. मी सायीसकट प्यायलो.